बोलायचं नाही, या अटीवर

आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाची भाकर आणि पेला घेण्याआधी, एकमेकांचे पाय धुतात. पुरुष मोठ्या सभागृहात, बायका बाजूच्या खोलीत. बाकांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये प्लास्टिकचे टब, पाण्याचे जग आणि टॉवेल. एकीने बाकावर बसायचं, दुसरीने खाली बसून तिचे पाय धुवायचे, मग अदलाबदल. प्रभू शिष्यांपुढे वाकला, तसं आपणही कोणापुढे तरी वाकावं, एवढाच त्यामागचा अर्थ.

आता खरं सांगायचं तर धुवायला कोणाचे पाय मळलेले नसतातच. आठवडाभर आधीपासून घरोघरी घासाघाशी चालू असते. कोणी दगड लावतं, कोणी मलम चोपडतं. वाटेत धूळ लागू नये म्हणून बायका मोजे घालून येतात. चर्चच्या राखणदाराची बायको नंतर ते टब रिकामे करते. ती म्हणते, "तुमच्या पायांचं पाणी झाडांना घालायचीही सोय नाही, नुसती पावडर असते त्यात." जोड्यासुद्धा ठरलेल्या असतात. जिच्यापुढे वाकायला काही वाटत नाही, तिच्यापुढेच सगळ्या वाकतात. माझी जोडी दहा वर्षं मुख्याध्यापिकाबाईंशी होती. त्यांचे पाय शाळेच्या वह्यांसारखे, कुठे डाग नाही.

मी दवाखान्यात पट्ट्या बांधते. बावीस वर्षं झाली. पेशंट मला पाठीमागे आयोडीन म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आयोडीन चुरचुरतं, पण जखम साफ होते. साखरेचा पेशंट अनवाणी आलेला दिसला तर मी त्याला दारातच असा फैलावर घेते की पुढच्या वेळी तो झोपतानाही चप्पल घालत असेल. पोटात एक आणि ओठात एक हे मला जमत नाही. हा माझा गुण आहे असं मी कैक वर्षं धरून चालले होते.

रोज सकाळी उठल्यावर मी एकच प्रार्थना करायची: देवा, मला तुझ्या उपयोगी पडू दे. ही प्रार्थना करताना डोळ्यांपुढे काय यायचं तेही सांगते, देवापासून लपलेलं नाही तर तुमच्यापासून काय लपवायचं. भरलेलं सभागृह यायचं. मी उभी, हातात माईक, आणि समोर बायका रुमालाने डोळे पुसताहेत. त्या वर्षी मंडळीला बायकांसाठी नवी सेविका निवडायची होती. आजाऱ्यांच्या भेटी, प्रार्थनासभा, नव्या मुलींना शिकवणं, सगळं सेविकेकडे. नावं दोनच पुढे होती, मुख्याध्यापिकाबाईंचं आणि माझं. निवड पाय धुण्याच्या पुढच्या रविवारी होती.

आणि नेमका पाय धुण्याच्या रविवारी मुख्याध्यापिकाबाईंना ताप आला. मला आतून थोडं बरं वाटलं.

त्यांच्याशिवाय माझी जोडी मोडली. खोलीत आणखी एकच बाई एकटी उरली होती, माझी धाकटी जाऊ.

जाऊ दोन गल्ल्या सोडून राहते. घरी शिवणकाम करते. दीर ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. तिच्याबद्दल सांगायचं तर, सहा महिने ती माझ्याशी बोलत नव्हती. उपासनेला यायची, मागच्या बाकावर बसायची आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जायची. रस्त्यात दिसली तर दुकानात शिरायची. मी चारचौघींत सांगून टाकलं होतं की पोरगी नाकावर राग घेऊन बसलीय, कारण विचाराल तर कारण नाही. नवरा म्हणाला होता, "तूच काहीतरी बोलली असशील."

"मी काय बोलणार? मी खरं तेवढंच बोलते."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि आपलं कुलूप खोलायला घेतलं. कुलपं दुरुस्त करतो तो. दिवसभरात त्याची वीस वाक्यं होतात, त्यातलं एक हे.

पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीने, आम्हा दोघींना हाताने खूण केली. चाळीस बायका बघत होत्या. सेविका व्हायला निघालेल्या बाईला मागे सरणं शोभलं नसतं, म्हणून मी मोठ्या नम्रतेने टब पुढे ओढला आणि खाली बसले.

"राहू द्या ताई," जाऊ हळूच म्हणाली. "आज नको."

"सगळ्या बघताहेत. मोजे काढ."

तिने मोजे काढले. पावडरीचा भपकारा आला. टाचा गुळगुळीत, गुलाबी. मनात म्हटलं, हिनेही बरीच तयारी केलेली दिसते. मग डावा पाय हातात घेतला आणि माझा हात थांबला.

तळव्यावर पुढच्या बाजूला फोड फुटून कातडं गोळा झालं होतं. करंगळीच्या बाजूला आतलं मांस दिसत होतं, कडा पांढऱ्या, चिघळलेल्या. मोज्याला आतून पिवळट डाग. अशा पायावर माणूस बोंब मारत लंगडत आला असता. ही चालत आली होती, आणि आता बाकावर बसून माझ्याकडे शांतपणे बघत होती.

"दुखतंय?" मी विचारलं.

"काय?"

मी टॉवेलचं टोक जखमेच्या कडेला लावलं, थोडं दाबलं. "हे कळतं?"

"हात लावलाय का तुम्ही?" ती म्हणाली.

तिला साखर आहे हे मला तीन वर्षं माहीत होतं. हल्ली मशीनवर टाके पळतात, पायाखालचं पेडल कळत नाही, असं ती कधीतरी म्हणाली होती. एकदा आमच्याच घरातून एक चप्पल घालून निघाली होती, दुसरी दारात सुटली ती तिला कळलंच नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. ज्या खुणा मी दवाखान्यात परक्या माणसांना बोटावर मोजून दाखवते, त्या माझ्या घरात माझ्या डोळ्यांपुढून गेल्या आणि मी हसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"काय केलंस पायाला?"

"काही नाही. गरम पाण्यात सोडून बसत होते. बुधवारपासून रोज."

"किती गरम?"

"मला तर कोमटच लागत होतं. उजवा पाय मध्येमध्ये चटकायचा म्हणून तो काढत होते. डाव्याला काही होत नव्हतं, तो तसाच ठेवला." मग जरा थांबून म्हणाली, "मग दगडाने घासल्या टाचा. भेगा गेल्या सगळ्या."

मी टब बाजूला सारला आणि उभी राहिले. "पाळकीणबाई, हिला मी दवाखान्यात नेते."

जाऊने माझा हात धरला. घट्ट धरला. "मी प्रभुभोजन घेतल्याशिवाय जाणार नाही. आणि ताई, माझ्या पायांवर परत सगळ्यांसमोर बोलू नका."

"परत म्हणजे?"

तिने खाली मान घातली आणि अगदी हलक्या आवाजात सांगितलं. मागच्या वेळी मी तिच्या शेजारच्या टबाशी बसले होते. तिचे पाय बघून मी मोठ्याने म्हणाले होते, "अगं, या टाचांना एक जग पाणी कुठलं पुरतंय? सगळं भेगांतच मुरेल!" खोलीभर हशा पिकला होता. पाळकीणबाईही हसल्या होत्या. जाऊचे पाय जिच्या हातात होते तीही हसली होती.

मला आठवलं. म्हणजे विनोद आठवला, आणि तो चांगला जमला होता हेही आठवलं. तिचा चेहरा मात्र आठवेना, कारण मी तो बघितलाच नव्हता.

पहिल्यांदा मनात आलं ते असं: एवढ्यावरून? एवढ्याशा बोलण्यावरून कोणी उकळत्या पाण्यात पाय घालतं? तेही मी खरंच मनात म्हटलं. मग पुन्हा त्या पायाकडे बघितलं. मला लाज वाटली. कोणी शिवी दिल्यावर वाटते तशी नव्हे. आपणच आपल्याला रंगेहाथ पकडल्यावर वाटते तशी.

ती हटून बसली, तेव्हा मी जखमेवर स्वच्छ टॉवेल गुंडाळला आणि तिच्याबरोबर शेवटच्या बाकावर बसले, तिचा पाय माझ्या मांडीवर. पाळकसाहेबांचा संदेश होता देवाच्या उपयोगी पडणाऱ्या जीवनावर. माणूस किती मोठा हे देव बघत नाही, किती निर्मळ हे बघतो, असं ते सांगत होते. एरवी अशा वाक्याला सगळ्यात आधी माझी मान हलते. त्या दिवशी मी मान हलवली नाही.

मग ते नेहमीचं म्हणाले. ज्याने कोणाला दुखावलं असेल त्याने आधी जाऊन ते मिटवावं, मग हात पुढे करावा. दर वेळी ते हे म्हणतात आणि दर वेळी झाडून सगळे हात पुढे होतात. भाकरीचं ताट आमच्या बाकापाशी आलं. जाऊने घेतली. मी ताट पुढे दिलं. पेल्यांचं ताट आलं, तेही पुढे दिलं. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. आमच्यात ताट पुढे जाऊ देणं म्हणजे पुढचे पंधरा दिवस सगळ्यांच्या तोंडी राहणं. निवड आठ दिवसांवर होती. पण मी तिथे बसून काय मिटवणार होते? पाय माझ्या मांडीवर होता आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. माझ्या! माझ्या तोंडातून!

रविवारचा बंद दवाखाना मी डॉक्टरांना फोन करून उघडायला लावला. त्यांनी बघितलं, साखर तपासली आणि कपाळाला आठ्या घातल्या. पायाच्या नसा बधिर झाल्यात, जखम आत जातेय, इंजेक्शनं लगेच सुरू. "निदान दीड महिना रोज ड्रेसिंग. पाय जमिनीला टेकवायचा नाही. बोटांचं आत्ताच काही सांगत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घरातलीच आहे ना तुमच्या? लक्ष नव्हतं का?"

बावीस वर्षांत मी हा प्रश्न शेकडो नातेवाइकांना विचारलाय. उत्तर कसं द्यायचं असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मी जाऊला म्हणाले, "ड्रेसिंग मी करीन. ड्यूटीच्या आधी, तुझ्या घरी."

"दुसरी कोणी नाही?"

"आहेत. पण माझ्यासारखा हात नाही कोणाचा." हे गर्वाने म्हटलं तरी खोटं नव्हतं.

ती रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाली, "या. पण एक अट आहे. बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पट्टी सोडा, पट्टी बांधा आणि जा. पायाला काय झालं, कसं झालं, मी काय करायला हवं होतं, काही नाही. गंमतसुद्धा नाही. तोंड बंद."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी तिच्या दारात उभी होते. पहिल्या मजल्यावरची एकच खोली, खिडकीपाशी शिवणयंत्र, त्याच्यावर अर्धवट शिवलेला एक फ्रॉक, सुई कापडातच. ती पलंगावर, पाय उशीवर. मी हात धुतले, ट्रे मांडला आणि तोंड उघडलं, "हे बघ, पट्टी..." तिने बोट वर केलं. मी तोंड मिटलं.

तुम्हाला वाटेल, पाच-दहा मिनिटं गप्प राहणं त्यात काय एवढं. मला विचारा. जुनी पट्टी सलाईनच्या पाण्याने भिजवून सोडायची, जखम धुवायची, मेलेलं कातडं चिमट्याने उचलायचं, नवा गॉज बसवायचा. या प्रत्येक कामाला माझं एक वाक्य ठरलेलं आहे. ती सगळी वाक्यं जिभेवर येऊन परत जात होती. पहिल्या आठवड्यात मी घरी जाऊन नवऱ्याला ती सगळी ऐकवायची. तो म्हणाला, "तिचा पाय बरा होईल, माझे कान जातील."

गप्प बसल्यावर मात्र एक झालं. मी बघायला लागले. आधी मी जखम बघायची. आता मला दिसायचं की पट्टी सोडताना ती खिडकीकडे तोंड करते आणि उशीची शिवण नखाने चाचपत राहते. दिसलं की तिच्या दारातली चपलांची जोडी टाच झाकणारी आहे, त्या हशानंतर घेतलेली. आणि मला जे सगळ्यात जास्त बोलायचं होतं, माझं चुकलं, मला माफ कर, तेच बोलायला बंदी होती. अट म्हणजे अट. ताट मी पुढे दिलं होतं, आणि ते परत माझ्याकडे यायची वाट तिने बंद करून ठेवली होती.

पुढच्या रविवारी निवड झाली. मुख्याध्यापिकाबाई सेविका झाल्या. मला अकरा मतं पडली. राग आला का? आला. घरी येऊन मी भांडी अशी घासली की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. देवाला मी स्पष्ट म्हटलं, "उपयोगी पड म्हणालास, पडायला निघाले, तर मला एका पायापुढे बसवलंस आणि वर तोंडाला कुलूप!" दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी परत पायापुढे बसले.

नव्या सेविकाबाई आणि आणखी तिघी दर बुधवारी जाऊकडे प्रार्थनेला यायच्या. मनापासून यायच्या, त्यात खोट नाही. तिसऱ्या बुधवारी सेविकाबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "मला आतून खात्री वाटते, तुझं एकही बोट जाणार नाही. विश्वास ठेव." दुसऱ्या दिवशी जाऊचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला होता. मी पट्टी बांधत असताना ती आपणहून म्हणाली, "बाई म्हणाल्या, बोटं वाचणार." मी मान हलवली. मला बोलायची परवानगी नव्हतीच.

शनिवारी पट्टी सोडली आणि बघायच्या आधी मला कळलं. नाकाला कळतं ते. करंगळी काळी पडली होती, शेजारच्या बोटाच्या मुळाशी लालसर रेघ वर सरकत होती. मी गॉज हातात धरून तशीच बसले. उशीची शिवण चाचपणारं तिचं नख थांबलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

मी गप्प.

"ताई, बोला. पायाबद्दल बोला. काय दिसतंय ते सांगा."

आणि बघा कशी गंमत असते. चार आठवडे बोलायला तडफडणारी मी, त्या क्षणी मला बोलायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. बरं होईल गं, देव आहे ना, एवढं म्हटलं असतं तर ती हसली असती. कदाचित माझ्याकडे बघून हसली असती. तिच्या हसण्याची मला तहान लागली होती, हे सांगायला मला काही वाटत नाही. आणि डॉक्टरांनी सोमवारी बघितलंच असतं की. दोन दिवस मी गोड राहिले असते तर कोणाचं काय गेलं असतं?

पाय गेला असता. मी त्या लाल रेघेकडे बघितलं आणि मनात म्हटलं, देवा, माझ्या जिभेला आज विनोद नको देऊस, नुसतं सांगायचं बळ दे.

"करंगळी गेली," मी म्हणाले. "ती परत यायची नाही. शेजारचं बोट अजून आहे. आज, आत्ता गेलो तर डॉक्टर करंगळी काढतील आणि बाकीचा पाय राहील. सोमवारपर्यंत थांबलो तर कुठपर्यंत कापावं लागेल ते मी सांगू शकत नाही."

"पण बाई म्हणाल्या..."

"बाईंना तू बरी व्हावीस असं फार वाटतं. मलाही वाटतं. पण त्यांनी पाय बघितलेला नाही, मी रोज बघते."

तिचे डोळे भरले. ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, तुमच्या तोंडाला बरं म्हणून कधी येतच नाही. ती म्हणाली, "माझा विश्वास कमी पडला का ताई?"

"नाही," मी म्हणाले. "रक्त कमी पडलं बोटाला. देव शनिवारीही देव असतो आणि डॉक्टर शनिवारी बारापर्यंतच असतात. ऊठ."

ती रडता रडता हसली. मी विनोद केला नव्हता, खरंच बारा वाजता बंद होतो आमचा दवाखाना. मी नवऱ्याला फोन केला. तो रिक्षा घेऊन आला आणि आम्ही दोघांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. त्या दुपारी करंगळी काढली. शेजारचं बोट वाचलं, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत."

आठवड्याने ती घरी आली. पहिल्या सकाळी मी गेले, हात धुतले, ट्रे मांडला. पट्टी सोडली. टाके ठीक होते, मांस लाल, जिवंत होतं. बघून मला इतकं बरं वाटलं की आता गप्प राहणं शक्यच नव्हतं.

"मला एक बोलायचंय," मी म्हणाले. "पायाबद्दल नाही. एवढं बोलू दे, मग तू म्हणशील तितके महिने गप्प राहते."

तिने बोट वर केलं नाही.

"त्या दिवशी मी बोलले ते विनोद म्हणून बोलले. तुझा चेहरासुद्धा बघितला नाही. तुझं बोट गेलं त्याला मी कारण आहे. पाणी गरम होतं हे खरं, पण त्या पाण्यापर्यंत तुला मी नेलं. सगळ्यांना सांगत सुटले की तूच रुसलीस. मला माफ कर." एवढं बोलून मी थांबले. आणखी बोलले असते तर स्वतःची बाजू मांडायला लागले असते, हे मला माझं ठाऊक आहे.

मी जखम धुतली. गॉज घेतला.

"चाळीस बायका हसल्या होत्या," ती म्हणाली. "तुमचाच राग का आला माहितीये? बाकीच्या परक्या होत्या."

मी गॉज जखमेवर बसवला.

"मला वाटायचं, तुम्ही माफी मागितली की संपलं," ती पुढे म्हणाली. "म्हणून तर बोलू दिलं नाही. तुम्ही एका वाक्यात मोकळ्या झाला असतात आणि मी तशीच राहिले असते. माझ्याच्याने एकदम होत नाही ताई. रोज सकाळी तुम्ही पट्टी सोडता ना, तेव्हा मी थोडं थोडं करते. एखाद्या दिवशी जास्त होतं, एखाद्या दिवशी काहीच होत नाही. करंगळी काढली त्या दिवशी बरंच झालं."

मी पट्टीचा पहिला वेढा घातला.

"मग आता किती राहिलंय?" मी विचारलं.

तिने विचार केला. खरोखर विचार केला, मनातल्या मनात चाचपून बघितल्यासारखा. "आहे अजून," ती म्हणाली. "पट्टी किती दिवस लागेल?"

"सहा आठवडे. जरा जास्तच."

"मग पुरतील तेवढे," ती म्हणाली, आणि पाय माझ्याकडे सरकवला.